खालच्या ओळीची पोरगी

माझ्या नातीचं गाणं मी बिघडवलं. सांगायचं तर हे आधी सांगितलं पाहिजे, कारण घरात अजूनही सगळे समजतात की तिचा घसा बसला होता.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सौंसरात आमच्या घराजवळच्या शाळेत नागपूरच्या एक तरुण म्याडम गाणं शिकवायला आल्या होत्या. त्यांनी संत्र्याच्या बहारावर स्वतः एक गाणं रचलं आणि तीस पोरी निवडल्या. पांढुर्ण्याला जिल्ह्याच्या कार्यक्रमात ते म्हणायचं होतं. माझी नात निवडली गेली, शेजारचीही पोरगी निवडली गेली.

शेजारची पोरगी भिंतीपलीकडे गायची ती चाल मला लगेच पाठ झाली. गोड होती, वर चढायची, वळण घेऊन खाली यायची. माझी नात मात्र अंगणात बसून तेच शब्द भलत्याच चालीत म्हणायची. चाल कुठे जायचीच नाही. दोन-तीन सुरांत घुटमळायची.

मी तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हटलं, "काय करून राहिली वं? शेजारची पोट्टी पहा कशी गाते. तू भिंतीले शेण थापल्यावाणी एकाच जागी!"

"आजी, मी खालच्या आवाजात आहो. म्याडमनं असंच सांगतलं."

"तुह्या म्याडमले कान आहेत का नाही?"

"तुले नाही समजत, आजी."

"चाळीस वर्सं झाली विहारात बायांले वंदना सांगून राहिली मी. मले नाही समजत?"

मी चौथी शिकलेली, पण गाण्यात स्वतःला कमी समजत नव्हते. विहारात आम्ही सगळ्या बाया एका आवाजात वंदना घेतो. एकीचा आवाज बाजूला गेला की मी मागे वळून पाहते, की ती बाई जागेवर येते. गाणं म्हणजे एकच चाल, ती सगळ्यांनी मिळून म्हणायची, एवढंच मला माहीत.

म्हणून मी तिला रोज संध्याकाळी समोर बसवलं आणि शेजारच्या पोरीची चाल शिकवली. ती खालच्या ओळीकडे घसरली की मी हात वर करायची. आठवडाभरात पोरगी सुधारली, असं मला वाटलं. तिच्यासाठी पांढरा फ्रॉकही शिवून आणला.

मग एक दिवस ती शाळेतून आली आणि म्हणाली, "माझा घसा बसला. मी गाण्यात नाही." मी हळदीचं दूध दिलं. ती मुकाट्यानं प्यायली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती म्हणाली, "आजी, आपण ऐकाले जाऊ." बसनं पांढुर्ण्याला गेलो. ती शाळेच्याच कपड्यांत माझ्याशेजारी बसली. पोरींनी गाणं सुरू केलं. आधी माझ्या ओळखीची चाल आली. मग मागच्या रांगेतून तीच दुसरी ओळ निघाली, अंगणात घुटमळणारी, जिच्यावर मी हात वर करत होते. ती आली आणि वरची चाल एकदम भरली. एवढा वेळ वरची चाल अधांतरी होती, हे मला तेव्हा कळलं.

शेजारी पाहिलं. नात बारीक आवाजात मागच्या पोरींसोबत म्हणायचा प्रयत्न करून राहिली होती. दोन शब्द बरोबर जायचे, तिसऱ्याला ती वर चढायची. माझ्या हातानं चढवलेली. चार वेळा तसं झालं, मग तिनं तोंड मिटलं.

"आता येत नाही मले," ती म्हणाली. माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्याडमना गाठलं. म्हटलं, "घसा बसला नव्हता तिचा. मी बिघडवलं."

त्या म्हणाल्या, "तिनं तुमचं नाव नाही सांगितलं, आजी. खालच्या आवाजात तीच सगळ्यात पक्की होती. बाकीच्या तिचं ऐकून गायच्या. ती वर जायला लागली की त्याही जायच्या, म्हणून तिला बाजूला बसवावं लागलं. पुढच्या वर्षी घेऊ."

पुढच्या वर्षी म्याडम आल्या नाहीत. ते गाणं पुन्हा कोणी बसवलं नाही.

नात आता नववीत आहे. विहारात माझ्यामागे बसते, नुसते ओठ हलवते. मी मागे वळून पाहत नाही.

मागच्या आठवड्यात शेंगा सोलता सोलता मी ती खालची ओळ धरली. म्हटलं, "तू वरची म्हण वं. मी खालची म्हणतो."

ती वही बाजूला ठेवून ऐकत राहिली. गायली नाही. माझी ओळ संपायच्या आत म्हणाली, "आजी, वर चढून राहिली तू."

मी पुन्हा धरली. पुन्हा वर गेली.

"राहू दे," ती म्हणाली आणि माझ्या सुपातल्या शेंगा सोलू लागली.