काचेवरचा पांढरा थर

उभा जन्म पाचूबंदरला बोटीवर काढलेले माझे वडील शेवटी एव्हरशाईन सिटीत, तिसऱ्या मजल्यावर, खाटेला खिळले. समुद्राची भरपाई म्हणून मी खाटेशेजारी काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश आणून ठेवले. विकणाऱ्याच्या कार्डावर ‘जलजीवन सल्लागार’ असं छापलं होतं. सल्ला एकच मिळाला: पिशवी उन्हात नेऊ नका. महिन्याभरात एक मासा मेला. उरलेल्याशी वडील बोलत. आमच्याशी फारसे नाही.

टँकरच्या पाण्याने काचेवर पांढरा थर चढला. नजर आधीच अधू. रोज सकाळी विचारायचे, “हाय का रे तो? का गेला?” मासा दिसला नाही की पेज तशीच राहायची.

भाऊ म्हणाला, “बाथरूमचं ॲसिड मार. पाच मिनिटांत चकाचक.”

“मासापण चकाचक होईल,” मी म्हणालो.

टाकी कशी साफ करतात ते वाचून मी कामाला लागलो. मासा टाकीतल्याच पाण्यासह बादलीत. टाकी रिकामी. खिडक्या उघड्या, ब्लीच लांब; व्हिनेगरशी त्याचा विषारी वायू होतो. नाताळच्या मटणासाठी आणलेल्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकी भिजवली आणि काचेला चिकटवली. अर्ध्या तासाने थर मऊ झाला. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने तो अलगद खरवडला.

खाटेकडच्या काठावरचा थर मात्र नुसत्या ओल्या बोटाने निघाला. मी बोट चाटलं. खारट.

“बाबा, मीठ टाकतोस तू यात?”

“मंग? गोड्या पान्यात किती दिस काढंल तो?”

सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना पेजेपुरतं चिमूटभरच मीठ ठरवून दिलं होतं. ते माशाला जात होतं. गोल्डफिश गोड्या पाण्यातलाच असतो, हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

टाकी चार वेळा धुतली. व्हिनेगरचा वास उरला नाही. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं ताजं पाणी ओतलं आणि मासा सोडला. इतके दिवस तो खाऱ्या, शिळ्या पाण्याला सरावला होता. अर्धं तरी जुनं पाणी ठेवायला हवं होतं. हे मी नंतर वाचलं.

संध्याकाळी मी काचेवरून कोरडं फडकं फिरवत होतो. वडील म्हणाले, “आता झाक दिसतं.” मग थोड्या वेळाने, “काढ त्याला. वास मारंल.”

मासा तळाशी आडवा पडला होता. माझं लक्ष काचेकडे होतं. त्यांना तो आधी दिसला.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, “व्हतं तसं,” आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पेज आली. त्यांनी चिमूट उचलली. हात सवयीने टाकीकडे गेला, काठावर थांबला. मग त्यांनी मीठ पेजेत टाकलं आणि सगळी पेज संपवली. डॉक्टरांना ऐकून बरं वाटलं.