झोपल्यावर बरा असणारा माणूस

राजारामपुरीतल्या कापडदुकानाच्या गादीवर सम्मेद भरदुपारी आडवा झालेला दिसू लागला, तेव्हा गल्लीने निकाल देऊन टाकला : हा पितो. त्याचे यकृत खराब असल्याचे आधीच कळले होते. आणखी पुरावा कशाला? आपल्याकडे आजारी माणसाला औषधाआधी चारित्र्याचा दाखला आणावा लागतो.

मी त्याचा शेजारी, शाळामास्तर. या जैन घरातल्या माणसाने दारूला कधी स्पर्श केलेला नाही, हे मी सांगत राहिलो, ऐकतो कोण? कापडाचा तागा काढायला तो उभा राहिला की धापा टाकत असे, आडवा झाला की दम बसे. थोरले बंधू तात्यासाहेब याला सोंग म्हणत. मळमळीवर सम्मेद वेलदोडे चघळी. त्यांना त्यातही वास लपवण्याची युक्ती दिसे.

"तोंड उघड बघू," ते गिऱ्हाइकांदेखत म्हणत. पन्नाशीचा माणूस निमूट तोंड उघडत असे.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांकडे तपासणी ठरली, तेव्हा त्यांनी बजावले, "ह्या डॉक्टरनं काय न्हाय म्हटलं, तर उद्यापास्नं गल्ल्यावर माझा पोरगा बसंल."

तपासणीला मीही गेलो. तात्यासाहेब काळजीपोटी आले होते की पाळतीवर, याविषयीचा माझा संशय अजून फिटलेला नाही.

डॉक्टरांनी सम्मेदला टेबलावर निजवून बोटाला चिमटा लावला. प्राणवायू शहाण्णव. आधीच्या दवाखान्यांतही असेच निजवून पाहिले होते.

"बघा की, सर," तात्यासाहेब मला म्हणाले.

"चिमटा काढू नका," सम्मेद म्हणाला. "मला धाप उभ्यानं लागते. उभ्यानंच बघा."

तो उभा राहिला. आकडा उतरत उतरत चौऱ्याऐंशीवर आला.

"मशीन बिघडलंय," म्हणत तात्यासाहेबांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.

डॉक्टर म्हणाले, "यकृताच्या आजारात कधी कधी फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. उभं राहिलं की रक्त खालच्या भागात उतरतं आणि पुरेसा प्राणवायू न घेताच पुढं जातं. हे सोंग नाही. यकृत बदलण्याचा विचार करावा लागेल."

"पर लिव्हर बिघडलं कशानं, ते सांगा की."

"काविळीच्या विषाणूनं. बहुधा जन्मताना आईकडून आलेला. तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचंही रक्त तपासू."

"मी दारूला कधी शिवलो न्हाय," तात्यासाहेब घाईने म्हणाले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

सम्मेद पुन्हा टेबलावर आडवा झाला होता. दम बसल्यावर तो म्हणाला, "तोंड उघडा बघू, तात्या."