तळ्यातली चाकं

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला पोचवायला वेशीपर्यंत आली नाही. ती तळ्यात होती. वैशाखात आटत आलेल्या तळ्याच्या चिखलात उभी राहून आमच्या गाडीच्या दोन चाकांवर कळशीने पाणी ओतत होती. मी काठावरून हाक मारली तेव्हा मान वर करून म्हणाली, "दादूसला घेऊन ये. बैल नाय गावलं तरी चालल." दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ जोमा. एवढं बोलून तिने उरलेलं पाणी दुसऱ्या चाकावर रिकामं केलं. मी बोचकं उचललं आणि कल्याणच्या वाटेला लागलो. तिथून मुंबई, मुंबईहून बोटीने कराची.

याला आता बरीच वर्षं झाली. मी लिहितोय ते गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडून कुठे कुठे जाऊन पडले त्यांच्यासाठीही. तुम्हा थोरांना यातलं बहुतेक माहीत आहे. पण त्याबद्दल बोलायचंच नाही असं ठरल्यामुळे तुमच्या पोरांना काही ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचं लाकूड सुकून आक्रसतं आणि वरची लोखंडी धाव ढिली होते. मग चाकं काढून तळ्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट बसते. कोपर-मानपाड्याकडच्या आम्हा सगळ्या गावांची हीच रीत. एरवी हे पाळीपाळीने चालायचं, कारण सगळ्या गाड्या एकदम बसवून कसं भागणार? त्या वर्षी मात्र काबूलकडे लढाई पेटली होती. फौजेचं सामान वाहायला सरकारचे शिपाई गावोगाव गाड्या धरत सुटले होते. गेलेली गाडी परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गावदेवीच्या देवळात बैठक बसली. लाठी उचलायची नाही, उलट बोलायचं नाही, असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच अख्ख्या गावाने आपापली चाकं तळ्यात टाकली.

शिपाई आले तेव्हा पाटलाने हात जोडून सांगितलं की चाकं भिजत घातली आहेत, लाकूड फुगेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. यात खोटं काहीच नव्हतं. पार शहाडपर्यंतच्या गावांनी आमचं पाहून तेच केलं. तळं आटायला लागलं, चाकांच्या कडा वर दिसू लागल्या, तशा बायका विहिरीचं पाणी आणून चाकांवर ओतू लागल्या. प्यायच्या पाण्याची ओढ, तरी कुणी कुरकुर केली नाही. एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या सासवा-सुना एका रांगेत कळश्या पुढे देत होत्या. इतकं एकजीव झालेलं गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

आमची अक्कल तेवढीच पुरली. लढाईला गाडीच लागते, अशी आमची समजूत. डोंगरातल्या खिंडीत गाडी चालत नाही, तिथे बैलाच्या पाठीवर गोण्या लादतात, हे आम्हा खाडीकाठच्या माणसांना कोण सांगणार? आम्ही चाकं राखत बसलो आणि बैल दावणीला तसेच बांधलेले. पुढच्या खेपेला शिपायांनी तळ्याकडे पाहिलंही नाही. दावी सोडली आणि बैल नेले. बायका वाटेवर बसल्या, त्यांना उचलून बाजूला ठेवलं.

कल्याण स्टेशनाजवळ कुंपण घालून त्यात बैल कोंडले होते. तेव्हा गावाने दुसरा ठराव केला. बैलांबरोबर माणूस जाणार नाही, आणि कुणी शीळ घालणार नाही. आमच्याकडे बैलाला पाण्यावर नेलं की धनी शीळ घालतो, तेव्हा कुठे बैल तोंड लावतो. त्यात तिथे परकी माणसं, लोखंडी टाक्या आणि इंजिनाच्या शिट्ट्या. बैल टाकीला तोंड लावीनात. आजारी पडलेली जनावरं सरकार काय करणार, परत देईल, असा गावाचा हिशोब. जो हा ठराव मोडील त्याच्या घराला विस्तव-पाणी बंद. आमच्या बाबांनीही त्याला होकार दिला होता.

मी आणि दादूस कुंपणापाशी उभे होतो. भर दुपार होती. आमचा मोऱ्या भरल्या टाकीसमोर जीभ बाहेर काढून उभा होता. त्याने दादूसला ओळखलं आणि नुसता बघत राहिला. मी दादूसचा हात धरला. तो हळूच म्हणाला, "ठराव मानसांनी केला. बैलांना कोनी इचारला?" आणि त्याने शीळ घातली.

मोऱ्याने मान खाली घातली. मग त्याचा जोडीदार हौशा प्यायला, मग बाकीचे सगळे. गावाची एकजूट तिथे टाकीच्या काठाशी संपली. बैल प्यायले, वैरणीला लागले, आणि शिपायांनी ते आगगाडीच्या वाघिणीत चढवले. त्यांच्यामागे दादूसही चढला. मला म्हणाला, "यांना पानी कोन दाखवल?" त्याला कुणी धरून नेलं नाही.

मग आमच्या घराला विस्तव-पाणी बंद झालं. तुमचे बैल त्याच्या शिळेवर गेले, तुमची शेतं त्या वर्षी पडून राहिली. तुमचा राग मला कळतो. बाबा कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी बोलणंच सोडलं. सगळ्यांनी आपापली चाकं काढून नेली, आमची तेवढी तळ्यात राहिली. आई दूरच्या गावच्या विहिरीवरून पाणी आणायची, त्यातली एक कळशी तळ्यात नेऊन ओतायची. लाकूड सुकून तडकलं तर जोमा आल्यावर गाडी कशी जोडणार, एवढंच म्हणायची. मी एकदा चिडून गावाला शिव्या दिल्या, तर मलाच गप्प केलं. "गावाचा चुकला नाय. माज्या पोराचा बी चुकला नाय." मग कुणाचं चुकलं, हे मी आजवर शोधतोय.

दादूस आणि बैल कराचीवरूनच वर गेले असं कळलं, म्हणून पुढच्या वैशाखात मी इथे आलो, आता गोदीत मुकादम आहे. इथले लोक मला साईं म्हणतात, मीही त्यांना साईं म्हणतो. भाताची जागा गव्हाच्या मानीने, म्हणजे इथल्या रोटीने घेतली, खाडीतल्या निवट्या माशांची जागा सिंधू नदीतल्या पल्ल्याने. सुरुवातीला जनावरांच्या प्रत्येक हौदापाशी जाऊन मी दादूससारखी शीळ घालायचो. लोकांना वाटायचं, या दख्खन्याचं डोकं फिरलंय. शेवटी फौजेबरोबर वर जाऊन आलेला एक उंटवाला भेटला. तो म्हणाला, खिंडीच्या वाटेवर पाणी नव्हतं, बैल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडत होते. एक दख्खनी पडलेल्या बैलाशेजारी बसून शीळ घालत होता. पाणी नव्हतं, तरी घालत होता. तांडा पुढे गेला. त्यापुढचं त्याला माहीत नव्हतं.

मी हे घरी कळवलं नाही. बाबा गेले, मागोमाग आई गेली. दोघांना खांदा द्यायला गाव आलं, असं ऐकलं. बरं वाटलं आणि रडूही आलं.

घर आता पडलंय, जमीन भाऊबंद कसतात. माझी पोरं सिंधी बोलतात. मला कुणी विचारलं, गाव कुठलं, तर डोळ्यांपुढे येतात ती चिखलातली दोन चाकं. गोदीत येणारा आपल्याकडचा खलाशी सांगत होता, अजून वैशाखात ती वर दिसतात, कुणी हात लावत नाही.

दादूसचं नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका. ती गाडी आता कुणी जोडणार नाही, हे मलाही कळतं. पण यंदा तळं आटलं की कुणीतरी एक कळशी पाणी त्यांच्यावर ओता.