आधी बसा

"आधी बसा, मंग बोला," असं म्हणत आमच्या सिस्टरबाई खाटेजवळ स्टूल ओढायच्या. पेशंट शिव्या देत असो की ताटली भिरकावत असो, त्या आधी बसणार.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. उमरखेडकडच्या एका दवाखान्यात मी ड्रेसर होतो. आरडाओरडा करणाऱ्या पेशंटवर आमच्याकडे एकच औषध होतं, खिळ्याला टांगलेला दोर. नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात काम करून आलेल्या सिस्टरबाईंनी पहिल्याच दिवशी तो विहिरीवर पाठवून दिला.

दुपारी जेवणं झाली की त्या आमची शाळा घ्यायच्या. वॉर्डबॉय रहीमभाईनं खाटेवर पडून खवळलेला पेशंट व्हायचं आणि आम्ही त्याला शांत करायचं. रहीमभाई इतक्या मनापासून शिव्या द्यायचा की खरे पेशंट कण्हणं सोडून हसायचे. एकदा मीही चिडून त्याला शिवी हासडली.

"आता दोघायलेही बांधा लागते," सिस्टरबाई हसल्या. "शिव्या कायले धरून बसता? काहून देते, ते विचारा ना!"

एकदा बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई आली. दंडाला मोठं गळू, अंगात ताप. गळू चिरायचं तर दंडावरचा चुडा काढायलाच हवा होता. डॉक्टरसाहेबांनी तिला एका शब्दानं न सांगता आम्हाला तो ओढायला लावला. दोन बांगड्या निघाल्या आणि ती चवताळली. ट्रे उडाला, साहेबांच्या मनगटात तिचे दात रुतले.

"बांधा हिला!" साहेब ओरडले. विहिरीवरचा दोर परत आला.

सिस्टरबाई धावत आल्या. दोर सोडला आणि स्टूलवर बसल्या. "काहून वो माय?"

"माहा नवरा जित्ता हाय," ती रडत म्हणाली. "मले रांड कायले करून राह्यले?"

तांड्यात नवरा गेल्यावरच चुडा उतरतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि तिचा नवरा फाटकाबाहेर उभा होता, भेटीची वेळ नव्हती म्हणून! सिस्टरबाईंनी त्याला आत आणलं. त्यानं तेल लावून एकेक बांगडी उतरवली आणि तिच्या ओटीत ठेवली.

"बरी झाली का मीच घालतो," तो म्हणाला. मग गळू चिरलं. ती हलली नाही.

बक्षीस काय मिळालं? ही नर्स शिस्त बिघडवते, असं साहेबांनी वर कळवलं आणि सिस्टरबाईंची मारेगावला बदली झाली. मनगटावरची पट्टी माझ्याकडून बदलून घेताना साहेब म्हणाले, "असल्या जनावरांचे लाड करायचे नसतात." जनावर! आजही तो शब्द आठवला की माझं डोकं फिरतं. ज्याला एक वाक्य बोलता आलं नाही तो शहाणा, आणि जिनं विचारलं ती बेशिस्त.

निघताना एसटीच्या खिडकीतून सिस्टरबाईंनी विचारलं, "स्टूल कुठं हाय?"

"खाटेपाशीच."

"राहू द्या तिथंच."

स्टूल राहिलं. दोरही खिळ्यावर परत आला.

पोळ्याच्या सुमाराला ती तांड्यावरची बाई नवऱ्याला घेऊन आली. दंडावर पुरा चुडा होता. सिस्टरबाईंना तो दाखवायचा म्हणून ती स्टूलवर बसून दाराकडं पाहत राहिली. शेवटी मीच सांगितलं, त्यांची बदली झाली.

"काहून?" तिनं विचारलं.

मी तिला साहेबांच्या खोलीचं दार दाखवलं.