हाताला लागलेलं मेण
सुनेनं परवा पुण्याहून मधाच्या पोळ्याच्या मेणाची, काचेच्या पेल्यात ओतलेली मेणबत्ती आणली, आणि ती पेटल्याबरोबर त्या वासानं मी मुळशीच्या आमच्या परसात जाऊन पोचले. माझं नुकतंच लग्न झालेलं, गावात वीज नव्हती, आणि सासूबाई पुण्यातल्या चर्चसाठी मेणबत्त्या करायच्या. मध काढून घेतलेली पोळी पाण्यात उकळायची, फडक्यातून गरम असतानाच पिळायची, पाण्यावर साकळलेलं मेण पुन्हा पातळ करून त्यात वाती बुडवून बुडवून जाड करायच्या. कड्यावरची पोळी डोंगरवाडीतला एकजण आणून द्यायचा. एके दिवशी टोपली घेऊन त्याची बायको आली. "धनी सकाळी कड्यावरनं पडून गेलं," ती म्हणाली. "ह्ये पोळं घ्या आन् त्यांच्या उशाला लावाया एक बत्ती द्या." सासूबाईंनी टोपलीत वाकून पाहिलं. "माती लागलीया," म्हणाल्या. "आलीच हायेस तर पिळू लाग. गार झाल्यावर मेण निघत न्हाई." ती वाफेत बसून पिळत राहिली. काम संपल्यावर सासूबाईंनी फडक्यातला काळा चोथा तिच्या पदरात टाकला. "ह्यो बी जळतोय." ती वळली तेव्हा मेणानं पिवळे झालेले तिचे तळवे त्यांना दिसले. "थांब. हाताचं खरवडून जा." तिनं उभ्या उभ्या नखांनी मेण खरवडलं, पातेल्यात टाकलं आणि गेली. परवा मेणबत्ती विझवल्यावर सून हसत म्हणाली, "आई, हे काय करताय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, बोटाला लागलेलं मेण मी नखानं खरवडून परत पेल्यात टाकत होते.