लोकरीखालची पाठ

मेंढरू नुसत्या डोळ्यांनी बघून कळत नाही, हे मला वडिलांनी शिकवलं. लोकर सगळं झाकते, त्यामुळे वाळलेलं मेंढरूही लांबून गुबगुबीत दिसतं. म्हणून पाठीवर हात ठेवून कणा चाचपायचा. बोट टेकताच हाड लागलं तर जनावर खंगलंय, दाबावं लागलं तर काळजी नाही. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी बोरी गावातल्या आमच्या कळपात अशी पाठ बघत फिरायचे.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. गेल्या वर्षी त्यांच्या गालात आतून गाठ निघाली, तंबाखूची चिमूट धरायची त्यांची जी जागा होती तिथंच. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासून कॅन्सर सांगितला. ऑपरेशन होईल म्हणाल्या, पण तोवर वजन आणखी उतरता कामा नये; उतरलं तर नाकातून पोटात नळी घालावी लागेल.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मंचरचं घर नवऱ्याच्या हवाली करून मी माहेरी आले आणि हात धुऊन दादांच्या मागे लागले. नाचणीची पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, शिरा. ते दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. माझा स्वभाव मुळातच तापट. "नखरं पुरे झालं, ल्हान हाय का तुमी?" असं मी त्यांना बोलले आहे. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एकदा मी डॉक्टरीणबाईंसमोरच त्यांच्यावर डाफरले, तेव्हा बाईंनी मला खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, "या गाठीतून रसायनं झिरपतात आणि शेजारच्या नसांना चेतवतात. मग साधा घास, साधं बोलणंसुद्धा झोंबतं. ते नखरे करत नाहीयेत. आणि आजारामुळे अंगभर एक दाह पसरतो. तो भूक मारतो आणि शरीराला स्वतःचंच मांस आणि चरबी जाळायला लावतो. म्हणून खाल्लेलंही अंगी लागत नाही."

"म्हंजे जंत झालेल्या मेंढरावानी," दादा एका गालानं म्हणाले. "कितीबी चारा, वाळतंच."

"तसंच, पण इथं खाणारा बाहेरचा नाही. अंगच अंगाला खातंय," बाई म्हणाल्या. मला ते दादांपेक्षा उशिरा समजलं.

त्यानंतर दर मंगळवारी आळेफाट्याच्या दवाखान्यात वजन करून पुण्याला फोननं कळवायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी वजन होतं तेवढंच भरलं. दुसऱ्या मंगळवारीही तेवढंच. मी आनंदानं शेजारी पेढे वाटले. तिसऱ्या मंगळवारी मात्र काट्यावरून उतरल्या उतरल्या दादा घाईनं लघवीला पळाले, आणि आधीच्या दोन्ही वेळीही ते असेच पळाले होते, हे मला आठवलं.

बाजारात मेंढरं वजनावर विकताना काही जण त्यांना आधी भरपूर पाणी पाजतात. पाण्यानं काटा फसतो, दोन तासांनी सगळं उतरतं. अशा लोकांना दादांनी जन्मभर शिव्या घातल्या. आणि स्वतः निघण्याआधी बऱ्या गालानं घोट घोट करत तांब्यावर तांब्या रिचवत होते.

ते परत आले तशी मी त्यांच्या स्वेटरखाली हात घातला. बोट टेकताच हाड लागलं. एकेक मणका मोजता आला असता.

"दादा, हे काय केलं?"

"नळी नको गं," ते म्हणाले. "आन वजन उतरलं की तू रडतीस. ते बघवत न्हाई."

मला रडू आलंच. पण मी तिथूनच पुण्याला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. ऑपरेशन पुढं ढकललं गेलं, नळी बसली. दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "आईविना कोकरं तुमी बाटलीनं जगवली, तवा त्यांना लाज वाटली व्हती का?" त्यावर ते नळीसकट हसले आणि दुखल्यामुळे लगेच गाल धरून बसले. दुखण्याचं औषध वाढवून घेतलं. मी नळीतून पातळ आहार सोडायचे आणि ते वाघरातल्या, जाळीच्या कुंपणातल्या मेंढरांवर नजर ठेवून बसायचे. मंगळवारी मी त्यांना आधी लघवीला पाठवून मगच काट्यावर चढवायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात खाटेवर ते माझ्याकडे पाठ करून बसले आणि सदरा वर केला.

"बघ. आन खरं सांग. आपल्याला इकायचं न्हाई."

मी तळहात ठेवला. पाठ अजून बारीकच होती, पण बोट टेकताच हाड लागलं नाही.

"जरासं दाबावं लागलं, दादा."

ते वळले नाहीत. म्हणाले, "हात असू दे अजून."