म्युझियमची पेटी आणि आईची ओंजळ

आज अमेरिकेतल्या कॅरीच्या आमच्या मराठी शाळेत मी म्युझियममधून उसनी आणलेली ब्लॅक हिस्टरीची, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासातल्या वस्तूंची पेटी उघडली. 'फक्त गोऱ्यांसाठी' ही नळावरची पाटी मुलं हातात घेऊन बघत होती.

छोट्या अन्वीने विचारलं, "डिड वी डू धिस टू?"

मी काही बोलायच्या आत एक काकू म्हणाल्या, "नाही गं, आपल्यात असलं काही नव्हतं."

माझी आई नागपूरहून आली आहे, ती मागे बसली होती. उठली आणि ओंजळ धरून म्हणाली, "आम्हाला विहिरीला हात लावू देत नव्हते, बाळा. असं वरून ओतायचे."

पेटी आणली म्हणून सकाळी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं होतं. आत्ता त्याच ग्रुपवर मेसेज आलाय: "शाळेत जातीचं राजकारण नको."

आईने तो वाचला. "मी बोलायला नको होतं का गं?"

तुम्हीच सांगा, तिला काय सांगू?